कुंपणापलीकडची रुई

टोपेका, कॅन्सस
२ ऑगस्ट १९७८

चि. वेंडेल यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

मांडीचं हाड जुळतंय. एप्रिलपासून लेकीकडे पडून आहे आणि ग्रेटा सासूसारखी दटावते. मी सारखी कुरणाची चौकशी करते म्हणून काल विचारत होती, आई, त्या रानरुईला फोन लावून देऊ का?

आता शेंगा धरल्या असतील. त्या उकलून म्हाताऱ्या उडेपर्यंत माझं गवत कापू देऊ नकोस. बाबा सांगायचे ते आठवतं ना? माझ्या बाजूची सगळी रुई एकाच मुळाची, तुझ्या बाजूची दुसऱ्या मुळाची. एकीचा पराग दुसरीला मिळाला तरच शेंग. वाटणी करताना म्हणूनच म्हणाले होते, कुंपण तुम्हा दोघांना, फुलांना नाही.

तुझ्या बायकोच्या, आयडाच्या रानप्लमच्या मुरंब्याची बरणी आली नाही. तू फस्त केलीस वाटतं!

तुझी,
लिओनाताई


घरून,
२० ऑगस्ट १९७८

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

बरणी मीच संपवली, गुन्हा कबूल. बदल्यात आयडा मध पाठवतेय. यंदा पेट्या नुसत्या भरून वाहताहेत. तुझी रुई जूनमध्ये छान फुलली, पण शेंग एकही नाही. मधमाश्या फिरकल्या नसतील. सोयाबीनला भाव बरा येईल म्हणतात. तू घरी यायची घाई करू नकोस.

लोभ आहेच, तो वाढावा.

तुझा,
वेंडेल


माझ्या घरून,
२ सप्टेंबर १९७८

वेंडेल,

एकाच पत्रात मधाच्या पेट्या भरून वाहतात आणि मधमाश्या फिरकत नाहीत? खोटं बोलायलाही अक्कल लागते. ग्रेटाला तशीच गाडी काढायला लावली.

कुंपणापलीकडे सोयाबीन उभं आहे. मला उचलून गाडीत बसवताना म्हणाला होतास, ताई, निर्धास्त जा, दोन्ही बाजू बघतो. आणि माझी पाठ वळताच बाबांच्या कुरणात नांगर घातलास. आधी सांगितलं असतंस तर मी भांडले असते, रडले असते. पण असा केसाने गळा कापलास, हे सोसवत नाही. माझी रुई आता दर जूनला फुलेल आणि शेंगेवाचून वाळेल.

गेल्या साली तुझ्या बाजूच्या शेंगांतलं चिमूटभर बी मी डब्यात ठेवलं होतं. काल ग्रेटाच्या खांद्याला धरून खाली बसले आणि ते माझ्या कुरणात पेरलं. रुजलं तर फुलायला दहा-पंधरा वर्षं लागतील. मला सत्तरावं सरतंय.

त्यातलं पहिलं फूल आलं की ये. तोवर कुंपणाच्या अलीकडे पाय टाकू नकोस. 'लोभ असावा' लिहायला आज हात धजत नाही.

लिओना