मागच्या एक्सलचं तेल

३ फेब्रुवारी, सोमवार

तेल गळती! भूपेशची जीप सकाळीच गॅरेजात. जुनी, चारही चाकं ओढणारी. उमरेडच्या जंगलात पर्यटक फिरवतो, घर त्या एकाच गाडीवर चालते. मागच्या एक्सलखाली डाग. बोटावर घेऊन हुंगलं — सडक्या अंड्याचा वास, म्हणजे गियर ऑइल, इंजिनचं नाही. सगळं पुसून टाल्कम पावडर मारली, एक चक्कर मारून आलो. पावडर ओली झाली ती मधोमध, शाफ्ट जोडते तिथं. तिथलं तेल अडवणारं रबरी सील गेलं.

बाबनरावनं नवं टाकलं. तीस वर्षांमागं मले पाना धरायले त्यांनीच शिकवलं, आता ते माह्या गॅरेजात कामाले आहेत. सदुसष्ट वय. हात थरथरतात थोडे. मी बोलत नाही, पण दिसते.

५ फेब्रुवारी

जीप परत आली. आता डाव्या चाकाकडून तेल. डोकंच सटकलं माहं. भूपेशसमोरच बोललो, "काका, परवा सील बसवलं का नुसतं ठोकलं? सारं एक्सल हलवून ठेवलं तुम्ही."

त्यांनी डावं सीलही बदललं. हात पुसता पुसता हळूच म्हणे, "एक गेलं त माहा हात म्हण गा. दोन दोन काहून जातील? आतून काहीतरी जोर करून राहिलं. एक दिवस गाडी ठेव, वरतून पाहू दे."

भूपेशले गाडी लगेच पाहिजे होती, बुकिंग होतं. देऊन टाकली.

८ फेब्रुवारी

भूपेशचा फोन नाही. म्हणजे गळत नसन.

१० फेब्रुवारी

भूपेश दवाखान्यात. काल पर्यटक उतरवून एकटाच परत येत होता. उतारावर ब्रेक लागलेच नाही. जीप पुलाच्या कठड्यावर गेली. उजवा पाय गुडघ्याखाली चुरा झाला.

काजल, त्याची बायको, बाकड्यावर बसली होती. म्हणे, "भाऊ, तुमच्याकडूनच त आली होती न गाडी." मले तिच्याकडं पाहवलं नाही.

११ फेब्रुवारी

पाय कापला.

१२ फेब्रुवारी

जीप क्रेननं गॅरेजात आणून टाकली. मागच्या दोन्ही चाकांचे ब्रेक-ड्रम खोलले. आत तेलच तेल, ब्रेकचे लायनर भिजून चिंब. नुसत्या पुढच्या ब्रेकांवर उतारात जीप कशी थांबन?

बाबनरावले काय म्हटलं ते लिहितो, इथं लपवून काय फायदा. म्हटलं, "तुमच्या हातानं एका माणसाचा पाय गेला. आता घरी बसा."

त्यांनी डिझेलनं हात धुतले. आपले पाने फडक्यात बांधले. गेले. या माणसानं माह्यावर कधी आवाज चढवला नाही.

१५ फेब्रुवारी

तीन दिवसांनी डोक्यात आलं — उजव्या सीलले त बाबनरावनं हातच लावला नव्हता. मग ते काहून गेलं?

एक्सल उतरवलं. त्याच्या डोक्यावर बोटाएवढी हवेची टोपी असते. तेल तापलं की आतली हवा तिथून निघते. ती टोपी बंद झाली की हवा कोंडते, आणि तेल सीलमधून वाट काढते. मग लाख नवे सील टाका.

टोपी काळ्या रंगानं गच्च बंद!

तो रंग माहा. जानेवारीत आरटीओच्या पासिंगच्या आधी मीच जीपले खालून काळा मारला. जुनी गाडी खालून चकचकीत करूनच पासिंगले न्यायची, आमच्या लाइनीत सगळेच करतात. मारताना टोपीवर चिकटपट्टी लावायची असते, तेही बाबनरावनंच शिकवलं होतं. घाई होती. नाही लावली.

वरतून पाहू दे म्हणत होते ते. एकच दिवस मागितला होता. चोर सोडून संन्याशाले फाशी दिली मी. लाज वाटते, लय लाज वाटते.

उद्या जाऊन त्यांचे पाय धरतो. मग भूपेशले सांगतो. मग पोलीस ठाण्यात जातो.

१६ फेब्रुवारी, रविवार

हुडकेश्वरले त्यांच्या घरी गेलो. बायको तुळजाबाईनं दार उघडलं. म्हणे, "जेवून नाही राहिले बाप्पा. हाताकडंच पाहत बसतात."

बाबनराव खाटेवर होते. मले पाहून उठले आणि हात जोडले. माह्यापुढं! "संघपाल, तू बरोबर होता गा. उगाच वाद घातला मी. माहाच हात चुकला, पोराचा पाय गेला."

सांगायले तोंड उघडलं होतं मी, खरंच उघडलं होतं. तेवढ्यात तुळजाबाईनं चहा आणला. चहा पिलो. इकडचं तिकडचं बोललो. परत आलो.

उद्या नक्की.

१७ फेब्रुवारी

गेलो नाही.

१८ फेब्रुवारी

बाबनराव आज स्वतःहून ठाण्यात गेले. सील मी बसवले, चूक माही एकट्याची, असं लिहून दिलं. खाली साक्षीदार पाहिजे होता, त्यांनी माहंच नाव सांगितलं. मी जाऊन सही केली.