अक्काच्या जागी

ता. कोपरगाव
११ मार्च १९७३

तीर्थरूप सूर्यभानदादास,

धाकट्या रंगूचा नमस्कार. मी बरी आहे. तूही बरा असशील आणि नगरला तुझं मास्तरकीचं शिक्षण नीट चाललं असेल.

तुझं पत्र पोचलं. अक्षय तृतीयेला तुझं लग्न धरलं, मुलगी शेवगावकडची आहे, हे वाचून बरं वाटलं. आपल्याकडे विहिरी आटल्या, आईसुद्धा खडी फोडायला जाते, हेही कळलं. इथं कालवा आहे, म्हणून ऊस आहे, म्हणून खायला आहे. मला इथं देताना तुम्ही सगळ्यांनी हेच सांगितलंत. ते खोटं नव्हतं. भाकरी पोटभर मिळते.

लग्नाला मात्र मला येता येणार नाही.

तू लिहिलंस की लंकाअक्का गेली, पण तिच्या लेकराला आई मिळाली आणि घर सावरलं. कसं सावरलं ते सांगते.

मांडवात ताटातल्या तांदळावर नवरीचं नवं नाव लिहायची वेळ आली, तेव्हा आत्याबाई, म्हणजे अक्काची आणि आता माझी सासू, म्हणाल्या, "लंकाच ऱ्हाऊ द्या. आमच्या तोंडात बसलंय." तू तिथंच उभा होतास. तू खाली बघितलंस. मग अक्काच्या नावाचा चांदीचा टाक माझ्या गळ्यात बांधला, मेलेल्या सवतीचा बांधतात तसा. माझी बहीण माझी सवत झाली. दाजींना मी अजून दाजीच म्हणते, तोंडातून दुसरं काही निघत नाही. त्यावरून मार बसतो.

नववीत असताना मी डोंगरावर मेंढरांच्या पडक्या दगडी आवारात जाऊन बसायची. ही तिथं काय करते, म्हणून तू हसायचास. काहीच करत नव्हते. तिथं मला कुणी हाक मारत नव्हतं, तेवढंच. इथं तशी जागा मला उसात सापडली. कालव्याकडच्या तुकड्यात मधोमध थोड्या जागेत ऊस उगवलाच नव्हता. दुपारी घर आडवं झालं की मी तिथं जायची. पात्यांनी हात कापायचे. बसून मोठ्यानं म्हणायची, रंगू आसाराम, इयत्ता नववी, हजर.

एकदा मनू माझ्यामागं आली. अक्काची मनकर्णा. तिला अजून नीट पळता येत नाही. तिनं मला आई म्हणावं म्हणून आत्याबाई तिची भाकरी अडवून ठेवायच्या. ती म्हणायची नाही, तशीच झोपायची. उसात तिनं मला विचारलं, "तू कोन हाय?"

दादा, या घरात मला हे कुणी विचारलं नव्हतं. मी म्हणाले, मी रंगूमावशी. ती हसली. मग रोज दुपारी आम्ही दोघी तिथं बसू लागलो.

महिन्याभरापूर्वी पाहुणे जेवायला होते. त्यांच्यासमोर मनूनं मला हाक मारली, "रंगूमावशी, पानी." आत्याबाईंनी पाहुण्यांना आग्रह करकरून वाढलं. ते गेल्यावर त्यांनी चुलीतून तापलेला चिमटा काढला. मला वाटलं माझ्यासाठी. मी हात पुढं केला, तर त्यांनी मनूचा हात धरला. दाजींनी मला दंडाला धरून मागं ओढून ठेवलं. आत्याबाई रागावलेल्याही नव्हत्या. तव्यावरची भाकरी उलटावी तशा शांत होत्या. मला म्हणाल्या, "तू आता थोराड झालीस, तुला डागून उपेग न्हाई. हिला अजून वळन लावता येतंय."

आता मनू न सांगता मला आई म्हणते. उसात गेल्यावर मी तिला म्हणाले, इथं कुणी नाही, इथं मावशी म्हण. तिनं हात परकराच्या मागं लपवला.

मागच्या आठवड्यात तो ऊसही तुटला. तोडणीच्या बायका आपल्याच पाथर्डीकडच्या होत्या. त्यातल्या बायडाबाईनं मला बांधावर थांबवलं. ती गेल्या सालीही इथं तोडणीला होती. म्हणाली, "तुझी भन पन ह्याच उसात येऊन बसायची. पाठ उघडी करून दावली हुती तिनं मला. गेल्या पाडव्याला गावाकडं आले तवा तुझ्या भावाला समदं सांगितलं मी. त्यानं तुला सांगितलं न्हाई व्हय?"

मी घरी येऊन धुणं धुतलं.

पाडव्याला अक्का जिवंत होती, दादा. तेव्हा तू आला असतास तर ती तुझ्याबरोबर निघाली असती. ती गेल्यावर, कालव्यावर पाय घसरला, असं तू सगळ्यांना सांगितलंस, आईलासुद्धा. आणि त्याच घरात मला आणून सोडलंस. का, ते मी विचारत नाही. या घरून ज्वारीची पोती येतात म्हणून आपल्याकडची चूल पेटते, एवढं मला कळतं. येतात ना अजून?

आत्याबाई मला लग्नाला पाठवायला तयार आहेत. पण एकटीला. मनू इथंच राहील म्हणाल्या, म्हणजे मी परत येईन. त्यांचं बरोबर आहे. पण या घरात तिला एक रात्रही एकटी ठेवायची माझी तयारी नाही. धुणं घेऊन मी रोज कालव्यावर जाते. अक्का जिथं गेली तिथलं पाणी बघते आणि धुणं पिळून परत येते. अक्का मनूला सोडून गेली. मला ते जमायचं नाही. मी अक्का नाही, हे मला इथं येऊन कळलं. तिच्याच नावानं हाका ऐकत राहिले, तरी कळलं.

हे पत्र बायडाबाईजवळ देते. गावी जाताना ती नगरला एस.टी. बदलेल, तेव्हा पेटीत टाकेल. रंगूनं काय लिहिलंय म्हणून आई विचारेल. तिला काहीतरी सांग. तुला सांगता येतं.

मनूला घेऊन कधीतरी मी इथून निघेन. कुठं जाईन ते ठाऊक नाही. तुझ्या दारात येणार नाही, तेवढं ठाऊक आहे.

तू अजून जिला बहीण म्हणतोस ती,
रंगू