माझी कमाल बोली

२ मार्च, सकाळी ७
आजपासून रोजनिशी. संकल्प तीन. रोज लिहिणे. घरात आवाज न चढवणे. या महिन्यात हिच्या दातांचं एकदाचं उरकून टाकणे.

हिचे पुढचे दोन दात गेल्या वर्षी जिन्यात पडून गेले. मी लॅबमध्ये निम्म्या गावाच्या कवळ्या बनवतो आणि माझी बायको तोंडावर हात ठेवून बोलते, याची लोक थट्टा करतात. मी म्हणतो, घरच्या कामाला घाई कसली? पण तिला माझ्या हातचे दात नकोच आहेत. हाडात पक्के बसवलेले, डेंटिस्टकडचे हवेत. त्यासाठी शिवणकाम करून तिने एक लाख बेचाळीस हजार साठवलेत. खातं दोघांच्या नावावर आहे. २४ तारखेची अपॉइंटमेंट घेतलीय. वर्षअखेरीस भाचीचं लग्न, तिथे तिला हसायचंय म्हणे. लग्नात हसण्यासारखं काय असतं कोण जाणे.

४ मार्च
एक जबरदस्त संधी. ऑनलाइन लिलावात जहाजावरची जुनी पितळी दुर्बीण. तिवईसकट. सध्या बोली सहा हजार. असल्या वस्तू शोभेच्या दुकानांत साठ हजारांना जातात. आपण वीसला घ्यायची, साठला विकायची. हिचे दातांचे पैसे जागच्या जागी, वर चाळीस हजार नफा. हिला सांगितलं नाही. बायकांना धंद्यातलं कळत नाही, नुसत्या घाबरतात.

५ मार्च, संध्याकाळी
लिलावाचे नियम दोन तास वाचले. काय डोकं लावलंय! आपण आपली जास्तीत जास्त बोली एकदाच सांगून ठेवायची. साइट ती गुपित ठेवते. दुसऱ्याने बोली लावली की ती आपल्या वतीने आपोआप एक पायरी वर चढते. फक्त एकच. दुसरा पंधरा हजारांवर थांबला, तर आपल्याला साडेपंधराला मिळते. मग आपण लाख का लिहिले असेनात!

म्हणजे मोठा आकडा लिहायला काही पडत नाही. हे जगात फक्त मला कळलेलं दिसतं. बाकीचे बावळट वीस-पंचवीस लिहितात आणि पाचशेसाठी हरतात.

मी लिहिला १,४१,७५०. वरचे सातशे पन्नास ही खरी हुशारी. सगळे गोल आकड्यावर अडतात. कार्ड जोडलं. अडीचशे खात्यात राहतील असं पाहिलं. शेवटी जबाबदार माणूस आहे मी.

९ मार्च
चहाच्या वेळी लॅबमध्ये प्रात्यक्षिक दिलं. समोर मौनीबाई. या कवळ्यांना पॉलिश करतात. सहा वर्षांत सहा वाक्यं बोलल्या असतील, तीही मशिनच्या आवाजात. तोंड कायम मिटलेलं. मी म्हणतो, बाई, आपल्या धंद्यात असून तोंड उघडत नाही, आतमध्ये आहेत की नाहीत? सगळे हसले. त्या हसल्या नाहीत. विनोदबुद्धी नसते काहींना.

त्यांच्याच फोनवर त्यांचं नाव नोंदवलं आणि नऊ हजारांची बोली लावायला लावली. पुढच्या क्षणी माझ्या नावावर साडेनऊ! मी इथे चहा पीत बसलेलो. मालकसुद्धा चाट पडले. नंतर बाईंना बाजूला घेऊन आकडाही सांगितला, सातशे पन्नासच्या खुबीसकट. त्यांना सांगितलं काय आणि प्लास्टरच्या पोत्याला सांगितलं काय, सारखंच.

११ मार्च
लॅबमध्ये राडा. एका आजोबांच्या तोंडात दुसऱ्याच बाईंची कवळी गेली. डेंटिस्टने फोनवर मालकांना फाडून खाल्लं. ट्रेवर नंबर टाकण्याचं काम माझं. पण त्या दिवशी माझं सगळं लक्ष लिलावाकडे होतं, त्यामुळे तो माझा दोष म्हणता येणार नाही. मी मालकांना सांगितलं, पॉलिशच्या टेबलावर अदलाबदल झाली असावी. त्यांनी मौनीबाईंचा पंधरा दिवसांचा पगार कापला. बाई एक अक्षर बोलल्या नाहीत. चूक नसली तर माणूस बोलतो. मला हलकं वाटलं.

१२ मार्च
नवलच! मौनीबाईंनी आपणहून प्रश्न विचारला. सर, एकदा लिहिलेला आकडा कमी करता येतो का? मी म्हटलं, मुळीच नाही, वाढवता येतो फक्त. त्यांनी मान हलवली आणि हात धुवायला गेल्या. शिकवण्याची हातोटी आहे माझ्यात. बाई कालचं मनावर घेणाऱ्यांतल्या नाहीत, हेही बरं.

१५ मार्च, दुपारी ३.४०
चारला लिलाव संपतो. बोली १७,५००. मीच वर. हिने जेवायला तीनदा हाक मारली. धंद्यात जेवण नसतं.

३.५७
१९,०००. अजून मीच. साठातून एकोणीस गेले, एक्केचाळीस. हिला दातांबरोबर एक साडीही घेऊन टाकू.

४.०५
साइट बिघडलीय. १,४१,७५० दाखवतेय. वर लिहिलंय, अभिनंदन.

४.३०
अजून तेच दाखवतेय. दुरुस्ती चालू असणार.

१६ मार्च
कंपनीला फोन केला. एक मुलगी फार गोड बोलली. साइट ठणठणीत आहे म्हणाली. शेवटच्या मिनिटाला कुणीतरी १,४१,५०० लिहिले, म्हणून माझी बोली आपोआप माझ्या टोकापर्यंत चढली. नियमाप्रमाणेच झालंय, सर. मी ओरडलो की असा आकडा कोण शहाणा लिहील? ती म्हणाली, तुम्हीही लिहिला होता ना? उद्धट पोरगी.

पैसे कार्डातून गेले आहेत. परत मिळत नाहीत.

१९ मार्च
दुर्बीण आली. जड आहे, हे चांगलं. आतून काच धुरकट आहे. खिडकीतून समोरच्या गच्चीवरचा नळही दिसेना. शोभेच्या दुकानवाल्याने हातात धरून पाहिली आणि आठ हजार म्हणाला. त्याला पारख नाही. मी थांबणार. जुन्या वस्तूंचे भाव वाढतच जातात.

२० मार्च
हिला बँकेत कळलं. मी शांतपणे समजावून सांगत होतो की मुळात मोठा आकडा लिहायला काही पडत नाही. तिने मधेच डेंटिस्टला फोन लावला आणि २४ तारीख रद्द केली. तोंडावर हात ठेवून बोलत होती, त्यामुळे पलीकडच्याला दोनदा सांगावं लागलं. मग मशिनवर जाऊन बसली. माझा आवाज चढला नाही. संकल्प पाळला.

२३ मार्च
उपाय काढला. हिच्यासाठी मीच दोन दात बनवले, काढ-घाल करायचे. उरलेल्या दातांच्या खणातून जोडी निवडली. रंग थोडा पिवळट. लांबून कळत नाही.

पॉलिशला मौनीबाईंकडे दिले. त्यांनी अर्धा तास घेतला. एवढं सुरेख काम मी पाहिलं नव्हतं. डबीत घालून हातात देताना म्हणाल्या, मी एक लाख एक्केचाळीस हजार पाचशेवरच थांबले, सर. वरचे अडीचशे तुमचे तुम्ही चढलात.

आणि हसल्या. पहिल्यांदाच दिसले. बत्तीसच्या बत्तीस, पांढरेशुभ्र, सगळे त्यांचेच.

मालकांकडे तक्रार करायला गेलो. दारातून परत आलो. काय सांगणार होतो?

२४ मार्च
हिने आरशासमोर दात लावून पाहिले. हसून पाहिलं. मी म्हटलं, झकास. तिने काढून वाटीत ठेवले, तोंडावर हात ठेवला आणि विचारलं की हे कुणाच्या कवळीतले उरलेत?

आता भाचीच्या लग्नाला येणार नाही म्हणते. आहेर माझ्याबरोबर पाठवणार आहे. दुर्बीण देऊन टाक म्हणाली.