विभूतीचे वाकडे पट्टे

तीर्थरूप अप्पांना हैदराबादहून मंजुश्रीचा शरणार्थ.

मी इकडं मजेत हाय. आईचा खोकला थांबला का?

फोनवर तुम्ही विषय बदलता, म्हणून लिहून राहिले. तो अँटिऑक्सिडंटची पावडर विकणारा माणूस अजून घरी येतो का? जांभळं, शेवगा, जवसाची चटणी खुशाल खा, डॉक्टरही हाव म्हणतात. पण तुमचं अंगच तुमच्या नसांवर उठलंय, म्हणून हात कापतो; त्याला गोळ्याच आवरतात. त्या बंद केल्या न्हाईत ना?

"पावडरीनं हात लई स्थिर झाला," म्हणता. मग कालच्या फोटोत कपाळावरचे विभूतीचे पट्टे वाकडे कसे? जन्मभर तुम्ही ते फूटपट्टीनं आखल्यासारखे ओढलेत.

आजच गोळी घ्या, अप्पा. न्हाईतर खोटं बोलायच्या आधी कपाळ तरी पुसत जा.

तुमची संशयी लेक,
मंजू