सतरा अंगठे आणि रस्त्याकडचं घर

मी, तिबुर्सिया मेन्दोसा, कै. फाउस्तो यांची विधवा, धंदा मातीचे तवे घडवणं, राहणार नवं सान आन्सेल्मो, ओआहाका राज्य, मेक्सिको. वय पंच्याऐंशीच्या आसपास. नक्की सांगता येत नाही, कारण चर्चमधली जन्माची वही जुन्या गावाबरोबर धरणात गेली. माझं डोकं ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण मृत्युपत्राला गुडघे लागत नाहीत, असं कारकून लेओकादियाबाई म्हणतात. मला अक्षर येत नाही. मी बोलते, त्या लिहितात. माझ्या बोलण्याला इस्त्री करायची नाही, हे त्यांना बजावलं आहे. कोणाच्या धाकाने, भिडेने किंवा कोणी पाजलेल्या दारूने हे सांगत नाही. सकाळपासून पोटात फक्त मक्याची पेज आहे.

१. तव्यांची भट्टी, मातीचा ढीग आणि तवा घोटायचा माझा काळा दगड नात इनेस हिला. तिचे तवे अजून वाकडे होतात. तरी तिलाच, कारण बाकीच्यांना तर हात मळवायचीच लाज वाटते. दोन टर्की शेजारीण मार्सियाना हिला. तिसरी तिच्या कुत्र्याने आधीच नेली आहे, ती तिच्या वाट्यात धरावी.

२. मला पुरताना माझा लाल पट्ट्यांचा झंपर घालावा. दुसरा कुठलाही नाही. बुडालेल्या गावावर सिनेमा काढायला सिनेमावाले आले तेव्हा म्हणाले, "आजी, पट्टे कॅमेऱ्यात थरथरतात," आणि मला पाखरांचं भरतकाम केलेला झंपर चढवला. तो सान ब्रुनोचा. सान ब्रुनो डोंगरावर आहे, तिथे बादलीसुद्धा कधी बुडाली नाही. आता दर वर्षी शाळेच्या भिंतीवर तो सिनेमा दाखवतात आणि त्यात सान ब्रुनोची कोणी बाई सान आन्सेल्मोसाठी रडते. ती बाई मी. निदान मातीखाली तरी मला माझ्या गावची राहू द्या.

३. माझा मुलगा आबुंदियो मास्तर आहे. सिनेमा त्यानेच आणला आणि त्यावरून गावाचं पुस्तकही त्यानेच लिहिलं. मी नऊ दिवस बोलले, नऊ कॅसेटी भरल्या. सिनेमा पाऊण तासाचा झाला. पुस्तकाचं काय झालं ते इनेसने वाचून दाखवलं तेव्हा कळलं.

"आजी, इथे लिहिलंय, लोकांनी आपखुशीने अंगठे दिले."

"कुठल्या लोकांनी?"

"लोकांनी. एवढंच आहे."

"आणि मी काय म्हणते त्यात?"

"तू म्हणतेस, मी सगळ्यांना माफ केलं."

मी कोणाला माफ केलेलं नाही, सबब हे लिहून घ्यावं. धरणाचा साहेब एवारिस्तो कागद घेऊन आला, तेव्हा पुरुष नकार द्यायचा म्हणून डोंगरात जाऊन बसले होते. तो मला म्हणाला, ही नव्या जमिनीची यादी आहे, जिचा अंगठा नाही तिला काही मिळणार नाही, बायका तुझं ऐकतात. ऐकत होत्याच. सतरा बायकांना मी घेऊन गेले. पहिला अंगठा माझा, मग त्या सतराजणींचे. फिलोमेना मागे सरत होती, तिचा हात मी माझ्या हाताने धरून दाबला. कागदावर होतं की आम्ही स्वखुशीने जातो आणि काही मागत नाही. त्यांना दगडांचा उतार मिळाला. मला रस्त्याकडची जागा मिळाली, विहिरीसकट. लोक म्हणतात, तिबुर्सियाचं नशीब चांगलं. हे सगळं मी सातव्या दिवशी कॅमेऱ्याला सांगितलं, सतराही नावांनिशी. सिनेमात ते नाही. पुस्तकात नाही.

४. म्हणून हे घर आबुंदियोला नाही. मागच्या दोन खोल्या आणि विहीर फिलोमेनाची मुलगी एउलालिया हिला, कायमची. पुढची खोली गावसभेला. तिथे कॅसेटी ठेवाव्यात. ज्याला आपली हकिगत सांगायची आहे त्याने तिथे यावं, स्वतःचे कपडे घालून. छापण्याआधी ज्याची त्याला वाचून दाखवावी. तो नाही म्हणाला तर नाही. आणि माझ्या मागे नऊ दिवस प्रार्थना होतील, त्यातल्या नवव्या दिवशी दुपारी सातवी कॅसेट पूर्ण दाखवावी. जेवण त्यानंतर वाढावं, नाहीतर लोक खाऊन उठून जातील.

५. इथवर सांगून झालं आणि आबुंदियो आत आला. दाराबाहेरून त्याने ऐकलं होतं. लेओकादियाबाईंनी पेन खाली ठेवलं. मी म्हटलं, उचला, हेही लिहा.

"आई, सिनेमातून ते मी साहेबासाठी नाही कापलं. तुझ्यासाठी कापलं. लोक तुझ्या थडग्यावर थुंकतील."

"थुंकू देत. मेलेल्याला सर्दी होत नाही."

"आणि माझं काय? मला रोज त्यांचीच पोरं शिकवायची आहेत."

"मग हेही शिकव, मास्तर. तू माझी अब्रू वाचवलीस आणि सतरा बायका बुडवल्यास. गाव एकदा बुडालं तेवढं पुरे नव्हतं? सातवी कॅसेट आण."

तो जागचा हलला नाही.

"आण म्हटलं ना!"

"नाहीये, आई. तिच्यावरच शाळेचं संमेलन रेकॉर्ड केलं, जुनं पुसलं गेलं."

मी त्याला जे बोलले ते लेओकादियाबाई लिहीत नाहीत. कायद्याच्या कागदात चालत नाही म्हणे.

मग मी म्हटलं, कॅसेट नाही तर नाही, नावं लिहा. फिलोमेना. रुफिना. कासिल्दा. दामियाना. तोमासा. एउसेबिया. प्राक्सेदिस. निकोलासा. बेनिग्ना. दहावं येईना. डोळे मिटले, त्या दिवशीची रांग आठवली, तरी येईना. असा संताप आयुष्यात आला नव्हता. एवारिस्तोवर नाही, पोरावर नाही, माझ्या या म्हाताऱ्या डोक्यावर.

"ओतिलिया," आबुंदियो म्हणाला. "तिच्या कडेवर तान्हं होतं. तिच्यामागे मासेदोनिया."

पुढची सगळी त्यानेच सांगितली, रांगेतल्या क्रमाने, न अडखळता. सतराही नावं सोबतच्या पानावर आहेत.

"किती वेळा ऐकलीस रे ती कॅसेट?"

तो लेओकादियाबाईंनी लिहिलेली नावं बोटाने मोजत बसला.

६. सबब कलम चारमध्ये बदल. नवव्या दिवशी कॅसेटीऐवजी आबुंदियोने उभं राहून सांगावं. सगळं, दाबलेल्या हातासकट. त्याला या मृत्युपत्रातून काहीच मिळत नसल्यामुळे तो साक्षीदार होऊ शकतो, असं लेओकादियाबाई म्हणतात. व्हावं.

हा कागद मला तीनदा वाचून दाखवला. दोनदा मी दुरुस्त करायला लावला. आता माझाच वाटतो.

ठिकाण: नवं सान आन्सेल्मो. दि. ११ नोव्हेंबर २००४.

तिबुर्सिया मेन्दोसा, डाव्या हाताचा अंगठा, कोणी न धरता.

लिहिणार: लेओकादिया सुन्यिगा, कारकून

साक्षीदार:
१. सिरिलो बाउतिस्ता, बँडमधला तुतारीवाला
२. आबुंदियो, शिक्षक, तिबुर्सियाचा मुलगा. नवव्या दिवशी मी सांगेन.