पहिले तीन दिवस

नांदेड
१७ जुलै १९९५

ती. अण्णास,
शिवानीचा शरणार्थ. अव्वाच्या पायांवर डोके.

तुझे पोस्टकार्ड पोचले. एवढ्याशा कार्डावर सहा ओळी, त्यातल्या चार क्लासच्या! पहाटे पाचला पोरांच्या सायकली दारात लागतात आणि शेजारचा गिरणीवाला भांडायला येतो म्हणे. दोन वर्षांपूर्वी बोरसुळग्याच्या शाळेत फुटक्या फळ्यावर गणित शिकवणारा माझा भाऊ लातूरला जाऊन 'सर' झाला. आता बहिणीला ओळख दाखवशील ना?

बहिणीचे एम.ए. अजून चालूच आहे. विषय लोकप्रशासन, हे अव्वाकडून जरा पाठ करून घे. पोरगी सरकार कसं चालतं ते शिकून राहिली, असे तिने गल्लीत सांगितले. त्यावर शेजारीण म्हणाली, आधी चालतं का ते विचारा तिला.

काम असे, की या वर्षी लघुप्रबंध लिहायचा आहे. आमच्या सौदामिनी मॅडमनी विषय मंजूर केला: भूकंपानंतरच्या पहिल्या तीन दिवसांतले गावपातळीवरचे प्रशासन. गाव अर्थात आपलेच. पत्र्याच्या शेडमध्ये घरोघर फिरून पन्नास प्रश्नावल्या भरून घेणार आहे. लोकांना तू एक शब्द सांगितलास तर माझे काम सोपे होईल.

खरे सांगू? हा विषय मी परीक्षेसाठी घेतलेला नाही. मी इथे होस्टेलवर होते आणि चौथ्या दिवशी पोचले, तेव्हा अप्पांची राखसुद्धा इतरांच्या राखेतून वेगळी काढता येत नव्हती. ते तीन दिवस मला कोणी नीट सांगितलेच नाहीत. तू तर नाहीच.

लोभ आहेच, तो पत्रातही थोडा दिसू दे.
तुझी,
शिवानी

*

लातूर
२६ जुलै १९९५

चि. शिवूस,
अण्णाचे अनेक आशीर्वाद. अव्वाचा गुडघा सोडला तर घरी सर्व ठीक.

पत्र वाचून हसू आले आणि रागही आला. तुझे मॅडम लोक नांदेडात पंख्याखाली बसून विषय मंजूर करतात. प्रशासन कसले? पहिल्या तीन दिवसांत बोरसुळग्याचे प्रशासन म्हणजे मी आणि एक पहार. माळवदावरची तीन-तीन हात माती एका दणक्यात घराघरांत बसली होती. अव्वाला उकरून काढताना माझी चार नखे गेली. अप्पांच्या छातीवर तुळई होती आणि ते दुपारपर्यंत जिवंत होते. मी हाक मारायचो, ते आतून 'हूं' म्हणायचे. मग म्हणेनासे झाले. पाऊस थांबत नव्हता. कुत्री सोकावली होती, त्यांनाही मीच हाणत होतो. हे तुझ्या प्रश्नावलीत कुठल्या रकान्यात लिहिणार?

विषय बदल, बाई. नांदेडच्या पाणीपुरवठ्यावर लिही, नळाला पाणी येत नाही हे सिद्ध करायला पन्नास माणसे आनंदाने मिळतील. गावातल्या लोकांच्या खपल्या खामखा काढू नकोस.

दिवाळीला ये. अव्वा रोज विचारून राहिली.
तुझा आशीर्वाद देणारा,
उमाशंकर

*

बोरसुळगा, पत्र्याचे शेड
३० ऑगस्ट १९९५

ती. अण्णास,
शरणार्थ.

तुझे न ऐकता आलेच. पोळ्यापासून इथे आहे. पत्रे असे तापतात, की भाकरी थापून नुसती वर ठेवावी. चाळीस प्रश्नावल्या झाल्या.

पहिल्या तीन दिवसांत गावात कायदा कोणी राखला, असा एक प्रश्न आहे. तलाठी, पोलीस, लष्कर अशी उत्तरे येतील असे मला वाटत होते. पण अकरा जणांनी उमाशंकर मास्तर असे सांगितले. मी इतकी फुशारले, की मॅडमना पत्र लिहायला बसले होते.

तेवढ्यात भुजंगकाका आले. आपल्या शेताच्या बांधालगतचे, तुला शाळेत पोचवायचे तेच. ते कौतुकानेच सांगत होते. मास्तरनं त्या चोराला असा हाणला, की पुन्हा कुणाची हिंमत न्हाई झाली म्हणाले. परका माणूस होता, अंगात वाटपातले कोरे प्यांट-शर्ट होते, आणि शाळेच्या भिंतीशी ठेवलेल्या प्रेतांच्या गळ्यातून इष्टलिंगाच्या चांदीच्या डब्या काढत होता. मी विचारले, मग त्या चोराचे काय झाले? काका म्हणाले, काय होतंय, गेला की त्याच सरणावर, मोजायला कोण होतं.

अण्णा, मी अजून त्यांच्या ओट्यावरच बसून हे लिहिते आहे. म्हाताऱ्याला भ्रम झाला आहे, एवढे मला कळव. दोन ओळी पुरे.

तुझी,
शिवानी

*

लातूर
५ सप्टेंबर १९९५

शिवानी,

भ्रम झालेला नाही.

दुसरा दिवस होता. आपल्या लिंगायतांत माणूस मेला तर बसवून पुरतात, हातात लिंग देऊन. हे तुला सांगायला नको. पण इतके खड्डे कोण खणणार? रोगराई पसरेल म्हणून सगळ्यांना एकदमच जाळायचे ठरले. अप्पा आगीत जाणार, हे मी कसेबसे गिळले होते. डिझेल आणायला गेलो आणि परत आलो, तर तो माणूस अप्पांच्या छातीवर ओणवा, त्यांच्या गळ्यातला दोरा सोडवत होता. पिशवीत आणखी डब्या होत्या.

हातात पहार होतीच. पहिला घाव मी घातला. नंतर वीसेक जण होते, दगड होते, दांडकी होती. कोणाच्या घावाने गेला मला माहीत नाही आणि माहीत करून घ्यायचे नाही. आम्ही आमची माणसे तुकड्यातुकड्यांनी बाहेर काढत होतो आणि हा त्यांच्यावर घर भरत होता. आज पुन्हा दिसला तर पुन्हा घालीन.

हे प्रबंधात लिहिलेस तर मी नांदेडला येऊन तुझी सगळी बाडे गोदावरीत फेकीन. वीस घरे तुरुंगात घालून तुला पदवी पाहिजे का? अव्वाला यातले काहीही माहीत नाही. तिच्या कानावर गेले, तर तुला भाऊ नाही असे समज.

उमाशंकर

*

नांदेड
२० सप्टेंबर १९९५

अण्णास शरणार्थ.

रागावू नकोस, आधी पूर्ण वाच.

तहसीलमधून आपल्या गावच्या मृतांची यादी घेतली. त्यात गावात कोणालाच ओळखू न येणारे एक नाव आहे: शिवप्पा स्वामी, रा. उदगीर. मरणाचे कारण भूकंप. त्या माणसाच्या पिशवीत पत्ता सापडला म्हणून तलाठ्याने नाव चढवले आणि पिशवी घरी पोचती केली. मी उदगीरला गेले. किल्ल्याकडच्या गल्लीत त्याची बायको राहते, कमलम्मा. लोकांच्या डाळी निवडून देते.

अण्णा, तो चोर नव्हता. तो जंगम होता. आपलाच स्वामी, आपल्या जन्माला आणि मरणाला लागणारा.

भूकंपाच्या गावांत आपल्या माणसांना जाळणार आहेत, हे ऐकून तो कमलम्माला सांगून मिळेल त्या ट्रकने निघाला. देह आगीत गेला तरी लिंग आगीत जाऊ नये, मातीत जावे, म्हणून तो डब्या काढून घेत होता. भगवे पावसात चिंब झाले, तेव्हा कोणीतरी त्याला वाटपातले कपडे दिले असणार. ओले भगवे पिळून पिशवीतच ठेवलेले होते. कमलम्माने ते धुऊन जपून ठेवले आहे. आपण आपल्या स्वामीला ओळखले नाही, कारण त्याने प्यांट घातली होती.

पिशवीत कोणीतरी कोंबलेला वहीचा एक चुरगळलेला कागदही होता. कोणते लिंग कोणाचे, याची पेन्सिलने केलेली यादी. सहा नावे पूर्ण आहेत. सातवे 'मन्मथ' एवढेच आहे. मन्मथप्पा, आपले अप्पा.

मी अभ्यासासाठी म्हणून तिच्याकडून तो कागद मागून आणला. तिने चहा केला, मला लेक म्हणाली. मला तोंड उघडून सांगता आले नाही. भूकंपाने नेलं त्यांना, असे ती म्हणत होती आणि मी मान हलवत होते. माझी मलाच इतकी किळस कधी आली नव्हती.

मी लिहिणार आहे. तुझे नाव तुझ्या परवानगीशिवाय घालणार नाही, पण त्याला भूकंपाने मारले असे माझ्या हातून लिहिले जाणार नाही.

शिवानी

*

नांदेड
१२ नोव्हेंबर १९९५

अण्णा,

मायना लिहीत नाही, सुचत नाही.

तू येऊन गेलास त्याला महिना झाला. होस्टेलच्या रखवालदार लक्ष्मीबाईंनी तुला फाटकात अडवले, तर तू त्या म्हातारीला ढकललेस. तिचे मनगट अजून प्लास्टरमध्ये आहे. तुझ्या एका थपडेने माझ्या डाव्या कानाचा पडदा फाटला. डॉक्टरांना मी जिन्यावरून पडले असे सांगितले. खोटे कारण लिहून घेणे किती सोपे असते, ते तेव्हा कळले. दाराशी वीस मुली उभ्या होत्या. तू माझे केस धरून भिंतीवर डोके आपटत होतास आणि तो चोरच होता, चोरच होता, म्हणत होतास. मला मारत होतास की कोणाला, देव जाणे. मला तुझी भीती वाटली. ज्या भावाने नखे जाईपर्यंत आईला उकरून काढले, त्याची मला भीती वाटली. हे लिहितानाही रडू येते आहे.

प्रश्नावल्या तू फाडल्यास. त्यातले बरेचसे मला पाठ होते, ते पुन्हा लिहिले. चौथे प्रकरण पूर्ण करून दिले. मॅडमनी ते दोन दिवस स्वतःकडे ठेवून घेतले. मग म्हणाल्या, मुली, माझा तुझ्यावर विश्वास आहे, पण कागदोपत्री पुराव्याशिवाय हे परीक्षकांपुढे टिकणार नाही, एवढे प्रकरण काढ. मी काढले नाही. प्रबंध परत आला. पदवी आता पुढच्या वर्षी, तीही मिळाली तर.

तू फाडलेल्या कागदांत स्वामीची ती यादीही होती. कमलम्माकडे त्याच्या हातचे तेवढेच अक्षर होते. तुकडे लक्ष्मीबाईंनी दुसऱ्या हाताने गोळा केले, मी डिंकाने जोडले. सोबत पाठवते. मला ते तिच्याकडे घेऊन जाण्याचे धैर्य नाही. तुला काय वाटेल ते कर. जाळायचे तर जाळ.

शिवानी

*

उदगीर
१३ डिसेंबर १९९५

चि. शिवूस,

आशीर्वाद लिहायचा हक्क राहिला नाही. तरी सवयीने हात तिकडेच जातो.

तू पाठवलेला कागद तीन आठवडे माझ्या खिशात होता. वर्गात फळ्याकडे वळलो, की पोरांना पाठ दाखवून तो चाचपायचो. परवा क्लासला कुलूप लावले, अव्वाला सगळे सांगितले. उठून तिने माझे ताट घासले आणि पालथे घातले. तिथून सरळ पोलीस ठाण्यात गेलो आणि लिहून दिले: मी माणूस मारला.

साहेबांनी दोनदा वाचले. चहा मागवला. मग म्हणाले, मास्तर, हा माणूस सरकारी यादीत भूकंपाने मेलेला आहे. वारसाला मदत गेली, फाइल बंद झाली. प्रेत नाही, हत्यार नाही, आणि वीस जणांतले एकोणीस नाही म्हणतील. तुमचं ऐकायचं तर त्या बाईकडून मदत परत घ्यावी लागेल, चालेल का? त्यांनी माझा कागद घडी घालून माझ्याच खिशात ठेवला आणि त्यांच्या पुतण्याला क्लासमध्ये जागा आहे का विचारले. लोकप्रशासन तू शिकलीस, शिवू, मला ते त्या खुर्चीत बसून कळले.

मग इथे आलो. कमलम्मा अंगणात डाळ निवडत होती. आधी तिच्यापुढे कागद ठेवला. जोडलेल्या भेगांवरून तिने बोट फिरवले आणि कोणी फाडला म्हणून विचारले. मी म्हणालो, मी. नंतर बाकीचे सांगितले. जे तुलाही सांगितले नव्हते, तेही सांगितले. मी पहार घेऊन स्वामीच्या अंगावर धावलो तेव्हा ओरडलो होतो, की तो माझा बाप आहे, मन्मथप्पा. त्याने वर पाहिले, मान डोलावली आणि खिशातून कागद-पेन्सिल काढली. बापाचे नाव लिहून द्यायला लेक आलाय, असे त्याला वाटले असणार. तो खाली मान घालून लिहीत होता, शिवू. त्याला लिहिताना मी पाहिले आणि तरीही घाव घातला.

ती उठली, चुलीपाशी गेली आणि लोखंडी फुंकणी घेऊन आली. हाडकुळी बाई, पण हात थकेपर्यंत तिने मारले. माझी भुवई फुटली, डाव्या हाताची दोन बोटे मोडली. मी हात वर केला नाही. शेजारची माणसे धावत आली, कोण आहे म्हणून विचारू लागली. मला वाटले, आता हे लोक मला संपवतील आणि बरे होईल. पण ती फुंकणी आडवी धरून माझ्या आणि त्यांच्या मध्ये उभी राहिली. याला कुणी हात लावायचा न्हाई, असे तिने ठणकावले. त्यांना घरी पाठवले. मग कितीतरी वेळ ती धाप टाकत उंबऱ्यावर बसली होती.

बाहेर जा म्हणेल असे वाटले. तिने विचारले, तुमच्या बहिणीनं हे सगळं लिहिलंय का? मी हो म्हणालो, पण ते परत आले, कोणी घेतले नाही, असे सांगितले. ती म्हणाली, माझ्याकडं आणा. मला वाचता येत न्हाई, तुम्ही वाचा. इथे, अंगणात, गल्लीतली सगळी माणसं बसवून. भूकंपाचं नाव घेऊन दोन वर्षं मी रडले, आता खरं ऐकून रडते.

येत्या सोमवारी वाचायचे ठरले आहे. वाचून झाल्यावर गल्ली माझे काय करील ते गल्लीच्या हातात, आणि ते तिनेही मला स्पष्ट सांगितले आहे. दोनशे पोरांपुढे मी सहा-सहा तास बोलतो, पण हे चौथे प्रकरण माझ्या तोंडून निघेल असे वाटत नाही. तू प्रबंध घेऊन ये. त्यात माझ्या नावाची जागा मोकळी सोडली असशील, तिथे ते भर. आणि जमले तर माझ्या डाव्या बाजूला बस, म्हणजे तुझ्या चांगल्या कानाला ऐकू येईल. कुठे अडखळलो किंवा काही गाळले, तर सगळ्यांसमोर टोक.

उमाशंकर