पहिली फेरी

अहो,

हे पत्र तुमच्या हातात देणार नाही. दिलं, तर शेजारी बसलेल्या मलाच विचाराल, "बाई, कोणाचं आहे हो?" या आजारात तुम्ही मलाच विसरलात.

तुम्ही उभी हयात चालवलेलं ते वाफेचं इंजिन वर्कशॉपवाल्यांनी पुन्हा उभं केलं. बॉयलर तुमच्याच इंजिनाचा, चाकं भंगारात निघालेल्या दुसऱ्या इंजिनाची. आज त्याची पहिली फेरी होती. बघून काहीतरी आठवेल, या आशेनं मी तुम्हाला घेऊन गेले.

आठवलं की. चाकावर हात फिरवून तुम्ही फिटरला म्हणालात, "ही माझी नव्हेत." मग तरण्या पोरासारखे वर चढलात. मी मागोमाग चढून तुमच्याजवळ बसले. कित्येक महिन्यांनी तुम्ही हसत होतात.

तेवढ्यात माझ्याकडे वळून अगदी अदबीनं म्हणालात, "बाई, जरा उतरता का? ही जागा माझ्या बायकोची आहे. एकदा तिला फिरवून आणीन, असा शब्द दिलाय. येईलच एवढ्यात."

फिटर कळवळला. "वहिनी, बसा तुम्ही. त्यांना काय कळतंय?"

"शब्द दिलाय त्यांनी," मी म्हटलं आणि उतरले.

शिट्टी झाली, इंजिन हललं. तुम्ही खिडकीतून अर्धे बाहेर वाकून फलाटावरच्या गर्दीत मला शोधत होतात. मी समोरच उभी होते. हात हलवला. तुमची नजर माझ्यावरून पुढे गेली.

तुमची,
जिची वाट बघताय ती